आधी नळी, मग आर्टरी

३ मार्च
शिव्या खाल्ल्या! गर्भाशय काढायचं ऑपरेशन, पहिल्यांदाच माझ्या हाती. घाईघाईत गर्भाशयाला रक्त पुरवणाऱ्या युटेराइन आर्टरीवर क्लॅम्प लावायला गेले नि मॅडमनी मनगटच धरलं. "नळी बघितलीस?" नव्हती बघितली. किडनीतून लघवी आणणारी युरेटर त्या आर्टरीच्या अगदी खालून जाते. क्लॅम्पमध्ये सापडली असती तर त्या बाईचे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते. आणि मी म्हणे हुशार!
शिक्षा — आर्टरीला हात लावायचा नाही. कधीपर्यंत? "मला वाटेपर्यंत."

४ मार्च
दिवसभर पोटाची चीर फाकवून ठेवणारा रिट्रॅक्टर धरून उभी. हात भरून आले.

९ मार्च
धरून उभं राहिल्यामुळे का होईना, नीट बघायला मिळालं. काय रचना आहे! गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरणारं, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखं ब्रॉड लिगामेंट, नि त्याच्या घडीत सगळा कारभार. बुडाशी कार्डिनल लिगामेंट — खरा भार तोलणारं, पण दिसायला अगदी साधं. ओव्हरीची आर्टरी तर पार वरून, महाधमनीपासून उतरते नि युटेराइनला येऊन मिळते. मॅडम म्हणाल्या, "पोर वाढवायचं तर माहेर-सासर दोन्हीकडून रसद हवी गं!"

१४ मार्च
आज मॅडमनी चिमट्याचं टोक हलकेच टेकवलं — आणि ती नळी अळीसारखी वळवळली! रक्तवाहिनी असं करत नाही. वीस वर्षं हेच काम, तरी दर खेपेला आधी नळी शोधतात नि मोठ्यानं सांगतात, "दिसली." साष्टांग दंडवत, बाई!
आईचा फोन. म्हटलं, "आज युरेटर सापडली." "कुणाची हरवली होती?" हसून पुरेवाट.

२० मार्च
मॅडम पांढऱ्याफटक दिसतात. विचारलं तर "तू तुझं काम बघ."

२२ मार्च
"चल, लाव," म्हणाल्या. शोधली. टोक टेकवलं. "दिसली!" मग क्लॅम्प. एक थेंब सांडला नाही. मॅडम हात धुऊन निघून गेल्या. एक शब्द तरी बोलायचा! फार लागलं मनाला.

२३ मार्च
केबिनमध्ये बोलावलं. एक फाइल पुढे सरकवली. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी, रक्तस्राव, हिमोग्लोबिन आठ, गर्भाशय काढणे. पेशंटच्या नावापुढे मॅडमचंच नाव.
"विभागाचे मोठे सर मदतीला समोर उभे राहतील. हात तुझाच हवा."
सोमवारी, सकाळी आठला.