करवतीजवळ आता कोणी नाही

न्यूझीलंड
दि. १६ मार्च २०२५

प्रिय कामिनी,

तू बरी असशील. गुड्डीची परीक्षा जवळ आली असेल. आईचे गुडघे कसे आहेत? उन्हाळी धानाले बोडीत साठलेलं पाणी पुरून राहिलं का, हे फोनवर विचारायचं राहूनच जाते. रोज बोलतो आपण, तरी हे पत्र कायले, असं तुले वाटेल.

आमच्या कारखान्यात नवीन मशीन आली. मेंढीचं सोललेलं धड आधी एक्स-रेखाली जाते. हाड कुठे आहे ते मशीन पाहते, मग रोबोटचा हात धड उचलून करवतीवर नेते अन् खांदा, बरगडी, मांडी अलग करते. मोहाडीच्या बाजारात बाबांच्या हाताखाली मी बोकड फोडत होतो, तेव्हा सांधा बोटानं चाचपून मगच सुरी घालायची, हेच शिकलो होतो.

करवतीवर आम्ही सहा जण उभे राहायचो. बाकीचे पाच जण नाराज आहेत. मी नाही. काहून, ते सांगायलेच बसलो आहो.

अक्षर वाकडं दिसत असेल. डाव्या हातानं लिहून राहिलो. मागच्या सप्टेंबरात थंडीनं टणक झालेलं धड करवतीवर सरकलं अन् माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याजवळची. दवाखान्याचं सगळं कंपनीनं केलं. तुले मी सर्दी झाली म्हणून सांगितलं.

दिवाळीले सुट्टी नाही भेटली म्हटलं होतं, तेही खोटं. सुट्टी भेटली होती. बॅग भरली अन् परत रिकामी केली. हा हात बाबांनी घडवला. तो त्यायले कसा दाखवू, तुले कसा लावू, समजतच नव्हतं. एकदा गुड्डी म्हणाली, "बाबा, दोन्ही हातानं टाटा करा ना." मी नेट गेलं म्हणून फोन कापला.

सोमवारी मशीन सुरू झाली. आमच्या सुपरवायझर बाईनं मलेच पुढे बोलावलं. म्हणाली, "हिरवं बटण तूच दाब." मी उजव्याच हाताच्या अंगठ्यानं दाबलं. जाळीच्या आत एकामागून एक धड कापलं जात होतं अन् करवतीजवळ कोणाचाच हात नव्हता. मी तिथेच रडलो. बाकीच्यायले वाटलं, काम गेलं म्हणून. सहा महिने आधी आली असती तर, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या दिवशी खोलीवर जेवताना तुझं ताट आठवलं. मटणातली नळी तू स्वतः न खाता माझ्या ताटात टाकायची. अन् मी तुले कधी म्हटलं नाही, तू खा म्हणून.

कंपनी मले मशीनवर लक्ष ठेवायचं काम देऊन राहिली. मी सांगितलं, आधी घरी जातो, बायकोले विचारतो. मे महिन्याच्या सहा तारखेले नागपूरले उतरतो.

गुड्डीले आधीच सांगून ठेव, घाबरली नाही पाहिजे. बाबांले मी समोर बसून सांगीन. तू फोनवर काही बोलू नको. मी आलो की हात हातात घेऊन पाह्य, मग जे म्हणायचं ते म्हण. रागावली तरी चालते. परत इकडे यायचं की नाही, तेही तूच सांग.

आता आहे तसा,
तुझाच
भुपेंद्र