रंजीताताईंची सोबत

२३ जून, सोमवार

पोचले एकदाची! वाशीम स्टेशनवर उतरले, तिथून एसटीने रिठद, आणि पुढे शाळेच्या गावापर्यंत एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर, मांडीवर बॅग घेऊन. शाळा लहान, चौथीपर्यंत. मुख्याध्यापक शालिग्राम सर, रंजीता मॅडम आणि आता मी. मुलांनी घातलेला हार माझ्या गुडघ्यांपर्यंत आला. सगळे हसले, मीही हसले. खोलीची काळजी होती, ती रंजीता मॅडमनी मी विचारायच्या आतच मिटवली. त्यांच्या घराची पुढची खोली रिकामी आहे. पन्नाशीच्या आहेत, एकट्याच राहतात, बोलताना समोरच्याचा हात धरतात. त्यांना ताई म्हणायचं ठरलं.

इथे मला कुणी ओळखत नाही. हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. बरं वाटलं.

८ जुलै, मंगळवार

शिकवण्यापेक्षा हजेरीचे, खिचडीचे फोटो काढून ते ऑनलाइन चढवण्यातच दिवस जातो. घरी येते तेव्हा पाय उचलत नाहीत. ताई स्वयंपाक करू देत नाहीत. गरम भाकरी, झुणका, वर तेल. आज जेवणाआधी त्यांनी माझ्या केसांना तेल लावून दिलं. आई गेल्यापासून कुणी लावलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि सगळं सांगून टाकलं. शाळेत मी सांगितलंय की नवरा दुबईला असतो. तो नगरलाच आहे. त्याला न सांगता निघून आले, नोकरी कुठे लागली हे त्याला माहीत नाही. सापडलीस तर जिवंत सोडणार नाही, असं म्हणाला होता. मनगट असं वाकडं का आहे, तेही सांगितलं.

ताईंचे हात थांबले नाहीत. "मले सांगतलं ना, आता झालं. आता तू एकटी नाई."

किती महिन्यांनी गाढ झोपले.

२ ऑगस्ट, शनिवार

ताईंनी एकसारख्या दोन साड्या आणल्या, एक मला. दोघी बहिणी दिसतो म्हणाल्या. शाळेत त्यांची खुर्ची आता माझ्या वर्गाच्या दाराशी असते. खिचडी शिजवणाऱ्या गोमतीबाईंनी नातवाच्या बारशाला बोलावलं, तर मी तोंड उघडायच्या आत ताईंनीच सांगितलं की मॅडमला बरं नाही. माझा फोन वाजला की त्याच उचलतात. एकदा स्पष्ट बोलायला हवं. पण बोलायचं म्हणजे ताकद लागते, आणि संध्याकाळपर्यंत ती उरत नाही. गप्प राहणं सोपं पडतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

भांडी घासताना गोमतीबाई म्हणाल्या, रंजीता मॅडम संस्कृती मॅडमलेबी असंच जपत होत्या. कोण संस्कृती, असं विचारलं, तेवढ्यात ताई आल्या आणि बाई भांडी उचलून आत गेल्या. घरी आल्यावर ताईंनाच विचारलं. माझ्याआधीची शिक्षिका, या खोलीतच राहायची, तिचं मन रमलं नाही, एवढंच म्हणाल्या. पीठ मळत होत्या. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, शिवमचा स्वभाव पहिल्यापासूनच तापट होता का?

मी नवऱ्याचं नाव सांगितलं होतं का? आठवत नाही. आठवायचाही कंटाळा येतो.

१० सप्टेंबर, बुधवार

वाशीमला प्रशिक्षण होतं. शाळेच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संस्कृतीचा नंबर सापडला, बसस्टँडवरून लावला. माझा पत्ता ऐकून तिने आधी विचारलं, ताई जवळ आहेत का. मग सांगितलं. तिने घरच्यांपासून लपवून दुसऱ्या जातीत लग्न केलं होतं. ते फक्त ताईंना माहीत होतं. तिने बदली मागितली आणि त्याच आठवड्यात तिचे भाऊ गावात आले. त्यांच्या मारहाणीत तिच्या नवऱ्याचा एक पाय गेला. दवाखान्यात सगळ्यांच्या आधी ताई हजर होत्या. तिच्यामागे बसून तिची वेणी घालत होत्या.

ती म्हणाली, निघायचं असेल तर त्यांना सांगू नका. नुसतं निघा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शालिग्राम सरांना एकटं गाठून विनंती केली. मंगरूळपीरकडच्या एखाद्या शाळेवर पाठवा, तात्पुरतं का होईना, आणि कुणाला बोलू नका. सर भला माणूस. मधल्या सुट्टीत ताईंसमोरच म्हणाले, मॅडम आपल्याला सोडून चालल्या बरं का.

ताई हसल्या. माझ्या ताटात लोणचं वाढलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

ताई अजूनही केस विंचरून देतात. तेल रोजच्यासारखंच, बोटं मात्र जोरात रुततात. "माह्याकडून काय कमी पडलं?" एवढंच, एकदाच. बॅग भरायला घेतली. अर्धी भरली आणि तिच्याशेजारी बसून राहिले. हात उचलवेना.

१७ सप्टेंबर, बुधवार

अनोळखी नंबर. पलीकडे कुणी बोललं नाही. मग खोकला. तो खोकला मी कुठेही —

ताईंना विचारलं, माझा नंबर त्याला कुणी दिला. लपवलंही नाही त्यांनी, माझ्याच फोनमधून त्याचा नंबर घेतला होता. म्हणाल्या, तुहा मानूस हाय थो, त्याले काळजी असनारच. मी ओरडले. त्यांनी मला जवळ घेतलं. "काहून भेतं? मी हाव ना."

उद्या पहाटेच निघायचं. बॅग राहू दे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

फाट्यापर्यंत पोचले होते. बस आली. थांबली. तिच्यातून तोच उतरला —

पळाले. शेतातून. कुठे पळणार? पाय आपोआप इकडेच वळले. दार उघडंच होतं. ताई उभ्याच होत्या. मला आत ओढलं, कडी लावली.

तो ओट्यावर आहे. ताईंनी खिडकीतून सांगितलं, ती वाशीमला गेली. त्याला पटलं नाही. बसून राहिलाय. खोकतोय. गल्लीत कुणी नाही, सगळे शेतात. माझा फोन ताईंनी कमरेला खोचलाय. लिहिते, कारण दुसरं काही सुचत नाही — फार थकलेय —

ताई दाराशी. एक हात कडीवर. हळू आवाजात विचारलं, "सांग आता. जातं का राह्यतं?"

मी दाराकडे पाहिलं.

कडी सरकली. थोडी. बाहेर तो उठला —

ताई नुसती पाहून राह्यली माझ्याकडे. हात कडीवरच. मी म्हणून राह्यली, ताई, मी कुठं नाही जात, मी इथंच, मी तुमच्या —