मागचा छोटा पाइप

मी, खाली सही करणारा, पाणीपुरवठा खात्याचा निवृत्त गळती-निरीक्षक, वय वर्षे एकाहत्तर, खात्यात आणि खात्याबाहेरही ‘थेंबसाहेब’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि कोणत्याही औषधाच्या अंमलाखाली नसताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. या वाक्याला पत्नीने हरकत घेतली, ती इथे नोंदवून घेतली आहे. यापूर्वी मी दोनदा मृत्युपत्र लिहिले होते, दोन्ही वेळा मेहुण्यावरच्या रागाच्या भरात. ती दोन्ही रद्द समजावीत. राग चालू आहे.

कलम १. राहते घर, त्याला लागून असलेल्या गाडीच्या शेडसह, पत्नीला मिळावे. तिच्यानंतर मुलगा आणि मुलगी यांनी ते समान वाटून घ्यावे. मुलाला शेडच्या जागी स्वतःचे ऑफिस काढायचे आहे. गेल्या महिन्यात तो ‘सहज’ आला आणि मी आंघोळीला गेलो असताना टेप लावून मोजमाप घेऊन गेला. ओल्या भिंतीवर टेपचा ओरखडा राहिला होता. बत्तीस वर्षे मी भिंतीवरच्या ओलीकडे बघून पगार घेतला आहे, एवढे त्याने लक्षात ठेवायला हवे होते. आईच्या हयातीत शेडची एक वीटही हलवू नये.

कलम २. बँकेतल्या ठेवी पत्नीला. आकडा इथे लिहीत नाही, कारण हा कागद सर्वांत आधी मेहुणा वाचणार आहे.

कलम ३. माझी ऐकायची काठी मुलीला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही लोखंडी काठी जमिनीला टेकवून वरचे टोक कानाला लावले की जमिनीखालचे पाणी कुठे झिरपते ते ऐकू येते. मुलगी नऊ वर्षांची असताना तिने याच काठीने शेजाऱ्यांच्या जिन्याखालची गळती शोधून काढली होती आणि शेजारी महिनाभर आमच्याशी बोलले नव्हते. पाने, पक्कड, जॅक हेही तिलाच. मुलाला बॅटरी द्यावी. दुसऱ्याच्या शेडमध्ये शिरताना उपयोगी पडेल.

कलम ४. मेहुण्याला माझ्या गाडीचा जुना तांब्याचा रेडिएटर. तो तीन ठिकाणी गळतो. मी तो काढायला लावून नवा बसवून घेतला तेव्हा मेहुणा आमच्या ओट्यावर बसून, चहा पीत, स्वतः आयुष्यात एक स्क्रूही न फिरवता म्हणाला होता, “भावजी, चांगला रेडिएटर फेकताय. साधं पाणी ओतत राहायचं. गाडी आहे ती, पेशंट नाही.” तो चांगला रेडिएटर आता त्याने सांभाळावा. स्वतः उचलून न्यावा, मुलाने हात लावू नये. तसेच माझ्या शोकसभेत मेहुण्याने माझ्या हृदयाची तुलना पाण्याच्या पंपाशी करू नये. तो करणार, हे मला माहीत आहे. तेव्हा पत्नीने त्याला मध्येच थांबवावे, लहानपणापासून तिला ती सवय आहे.

कलम ५. आता गाडी. छत्तीस वर्षांची, लाल, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार. मी त्रेचाळीस वर्षांचा असताना ती जुनीच विकत घेऊन घरी आणली. धावताना कधी तक्रार नाही. सिग्नलला उभी राहिली की तापायची. काटा लाल रेघेकडे सरकू लागला की मी हीटर सुरू करायचो, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता आत यायची आणि भर उन्हात आम्ही दोघे काचा उघडून घाम पुसत बसायचो. मागे डिकी नावाला. म्हणून पाण्याचा कॅन पत्नीच्या सीटवर, आणि पत्नी कॅन मांडीवर घेऊन. एकदा ती म्हणाली, “दोनच सीट, त्यातली एक कॅनची. पुढच्या वेळी तुम्ही दोघंच जा.” त्यानंतर मी गाडीच्या पोटातले सगळे बदलून घ्यायचे ठरवले.

ते काम मिस्त्रींनी केले. मिस्त्री म्हणजे मुख्य रस्त्यावर पाच गाड्या मावतील असे गॅरेज असलेले, कमी बोलणारे गृहस्थ. स्टिअरिंगला हात लावण्याआधी ते हात पुसतात. प्रत्येक कामाचे कार्ड लिहितात, कार्बन ठेवून, आणि काय केले त्याबरोबर काय केले नाही तेही लिहितात. त्यावर गिऱ्हाइकाची सही घेतात. मला ही पद्धत फार आवडायची. तीन आठवडे त्यांनी गाडीत डोके घातले. जाड अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर, त्यासाठी पुढच्या पट्टीत नवे ब्रॅकेट, दोन विजेचे पंखे, नवा थर्मोस्टॅट, जास्त दाबाचे नवे झाकण आणि सगळीकडे निळे सिलिकॉनचे पाइप. प्रत्येक क्लॅम्पचा स्क्रू अशा बाजूला की पुढे कधी उघडायचे झाले तर पाना सरळ जावा. असे काम मी खात्यातही पाहिले नाही.

कलम ६. हे कलम लिहायला मी सात वर्षे घेतली.

सगळे पाइप निळे झाले, एक सोडून. इंजिनच्या मागे, डॅशबोर्डच्या भिंतीला चिकटून, हीटरकडे जाणारा वीतभर लांबीचा काळा पाइप. तो मी स्वतः बसवलेला होता. खात्याच्या भांडारातून आणलेला उत्तम रबरी तुकडा, थंड पाण्याच्या कामाचा. मी त्याबद्दल चारचौघांत सांगायचो की कंपनीला जमले नाही ते खात्याच्या रबराने करून दाखवले. मिस्त्री म्हणाले, “साहेब, मागचा छोटा पाइपही काढू या. डॅशबोर्ड सोडावा लागेल, दोन दिवस जास्त जातील. पण हा रबर गरम पाण्याचा नाही.”

मला ते झोंबले. बत्तीस वर्षे पाइप पाहिलेल्या माणसाला पाइप कसला ते सांगतात. मी म्हणालो, “मिस्त्री, तो माझ्या हातचा आहे. तुम्ही तुमचं बघा.” शिवाय रविवारी खात्यातल्या निवृत्त लोकांचा मेळावा होता आणि मला गाडी तिथे न्यायचीच होती. मिस्त्रींनी कार्डावर लिहिले, ‘मागचा छोटा पाइप मालकांच्या सांगण्यावरून बदलला नाही’. मी सही केली.

रविवारी पंपिंग स्टेशनच्या फाटकात मी बॉनेट उघडून उभा राहिलो. भोवती चाळीस-पन्नास माणसे. आमचे माजी मुख्य अभियंता, ज्यांच्याशी माझे एकवीस वर्षे जमले नाही, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत सर्वांत पुढे. मी इंजिन चालूच ठेवले, काटा मध्यावरून हलत नाही हे सर्वांना दाखवायला. आणि गाडी चांगली फुरफुरवली. जुना रेडिएटर तीन ठिकाणी गळायचा, त्यामुळे आत दाब कधी साठलाच नव्हता. आता सगळे पक्के होते. सगळा दाब माझ्या हातच्या तुकड्यावर आला आणि तो फुटला. वाफ निघाली, हिरवे कूलंट उडाले आणि मुख्य अभियंत्यांचे कपडे गळ्यापासून गुडघ्यापर्यंत हिरवे झाले. कोणाला भाजले नाही, हे नशीब. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला आणि सावकाश विचारले, “थेंबसाहेब, ही नोंद गळतीत करायची की फुटीत?”

सगळे हसले. मी म्हणालो, “मिस्त्रीचं काम. अर्धवट.”

दोन वाक्ये, त्यांतही क्रियापद नाही. त्या घोळक्यातल्या निम्म्या लोकांच्या गाड्या मिस्त्रींकडे असायच्या. पुढच्या आठवड्यापासून त्या जाईनाशा झाल्या. थेंबसाहेबांसारखा माणूस सांगतो म्हटल्यावर शंका कोण घेणार? वर्षभरात मिस्त्रींनी मोठे गॅरेज सोडले. आता गिरणीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये ते एका वेळी एक गाडी घेतात. माझ्या सहीचे कार्ड त्यांच्याकडे होते. त्यांनी ते एकालाही दाखवले नाही. मी मात्र माझी प्रत गाडीच्या खणात दडवून ठेवली.

तेव्हापासून गाडी कव्हरखाली उभी आहे. दुसऱ्या मिस्त्रीला मी हात लावू दिला नाही, आणि यांच्याकडे जायला तोंड नव्हते. लोकांना सांगितले की पार्ट मिळत नाही. पार्ट वीतभर पाइप होता. मला याची लाज वाटते. या कागदावर मी ती पहिल्यांदाच लिहितो आहे.

सबब सदर गाडी तिच्या सर्व हक्कांसह मिस्त्रींना मिळावी, आणि हे कलम माझ्या पश्चात मेळाव्यात मोठ्याने वाचावे.

कलम ७. फुटलेला तुकडा मूळचा खात्याचा आहे. तो भांडारात परत जमा करून पोच घ्यावी. भांडारपाल घेणार नाही, कोणता नमुना भरायचा ते विचारील. तेव्हा ‘निकामी, परत’ हा नमुना भरावा.

पुरवणी.

वरचा मजकूर शुक्रवारी लिहून झाला आणि मी तो पत्नीला वाचून दाखवला. मला वाटले ती रडेल. ती म्हणाली, “म्हणजे मेल्यावर माफी. ऐकून घ्यायला तुम्ही नसणार. बरं जमवलंत.”

मी म्हणालो, “अगं, सगळं लिहिलंय ना?”

“त्या दिवशी बोलला होतात तोंडाने,” ती म्हणाली, आणि आत जाऊन मुलीला फोन केला.

शनिवारी सकाळी मुलीने तिच्या गाडीला दोर बांधून माझी गाडी ओढत नेली. मी स्टिअरिंगवर, शेजारी पत्नी, मांडीवर कॅन नसलेली. शेजारच्या वकीलबाई कागद सांभाळत मुलीच्या गाडीत. मेहुण्याला कळवले नव्हते, तरी तो चौकात उभा होता आणि मुलीच्या गाडीत चढला.

मिस्त्री शेडच्या दारात आले. मी कलम सहा त्यांना उभ्याने वाचून दाखवले. मध्ये दोनदा थांबलो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “पाइप अजून तोच आहे का साहेब?” मी हो म्हणालो. “मग आधी डॅशबोर्ड सोडू या.”

दुपार गेली. डॅशबोर्ड निघाला, भिजलेला खण निघाला, माझे कार्ड निघाले. बॅटरी मी धरली. मिस्त्रींनी निळा तुकडा कापला, बसवला, क्लॅम्प आवळला. गेजचा पंप लावून दाब भरला आणि अर्धा तास काटा बघत बसलो. मी ऐकायची काठी पाइपला लावून कान दिला. आत काही झिरपत नव्हते. त्यांनी गाडीची बॅटरी चढवली, टाकीत ताजे पेट्रोल घातले आणि इंजिन तिसऱ्या खेपेला सुरू झाले. शेडमध्ये उभ्या गाडीचा काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला.

मग मी म्हणालो, “मिस्त्री, पहिले साक्षीदार तुम्ही व्हा.” वकीलबाई म्हणाल्या की तसे चालणार नाही, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष त्या लावून घेणार नाहीत. गाडी किंवा सही, दोन्हींतले एकच.

मिस्त्रींनी हात पुसले. “सही करतो.”

“अहो, गाडी तुमची आहे,” मी म्हणालो. “मी मनापासून लिहिलंय.”

“ते कळलं साहेब. पण गाडी घेतली तर लोक म्हणतील, यासाठीच गप्प बसला होता.”

मी पेनचे टोपण काढले. मेहुण्यालाही मिस्त्रींचे पटले, हे नमूद करतो.

सबब कलम सहाचा शेवटचा परिच्छेद रद्द. गाडी मुलीला मिळावी. मिस्त्री काम करीत आहेत तोवर तिने दुसऱ्या कोणाला बॉनेट उघडू देऊ नये. कलम सहाचा बाकीचा मजकूर माझ्या पश्चात वाचायचा नाही. पुढच्या महिन्याच्या मेळाव्यात, त्याच फाटकात, मुख्य अभियंत्यांसमोर, मी तो स्वतः वाचणार आहे. तोवर मी गेलोच तर पत्नीने वाचावा. तिचा आवाज लांबवर जातो.

वरील सर्व मजकूर, खाडाखोडीसह, माझा आहे आणि तो मला पूर्ण कबूल आहे.

ठिकाण: मिस्त्रींची शेड, गाडीच्या डाव्या मडगार्डवर कागद ठेवून.
दिनांक: चौदा, शनिवार, इंजिन चालू असताना.

सही: थेंबसाहेब

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या वकीलबाई. सही माझ्यासमोर झाली. मडगार्ड गरम नव्हते.

साक्षीदार पहिले: मिस्त्री. सही केली. मागचा छोटा पाइप बदलला.