उकिरड्यावरून उचललेलं लेकरू

चि. उकंडा,

मनकर्णामावशीची शेवटची घटका आहे, असा निरोप आला. सकाळच्या एसटीनं जानेफळला निघाले. भाकरी झाकून ठेवली आहे.

परवा तंबूतल्या सिनेमात आई लेकाला 'तू माझ्या पोटचा नाहीस' असं खरं सांगू लागली, तशी मी उठले. तू हसलास, "असं कुठी असते काय व माय?"

असतं. दोन लेकरं गेली, म्हणून तिसरं तरी जगावं यासाठी रीतीप्रमाणं उकिरड्यावर ठेवून उचललं, असं मी गावाला सांगितलं. पण तिसरंही मेलेलंच जन्मलं होतं. तुला तिथं मनकर्णानं ठेवलं. ती विधवा होती. उचललं मी. त्या पौषातली थंडी अजून हाताला लागते.

रागावून घरी बसू नकोस. दुपारची गाडी धर. तिच्या तोंडात पाणी तू घाल. मी ओसरीवर बसेन.

तुझी माय,
तानुबाई