काजळाच्या मिशा

बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप तात्या,

पाया पडते. मी बरी आहे, डबाही वेळेवर येतो. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून लिहायला बसले.

गावातल्या स्मारकासाठी तुम्ही रझाकारांशी लढलेल्या पोरांच्या तुकडीचा इतिहास मागितला होता. त्या तुकडीतले माणिकबाबा इथंच नातवाकडं राहतात. काल त्यांना भेटले आणि तेव्हापासून कशात जीव लागत नाही.

बाबा म्हणाले, "कुणालाच मिसरूड फुटलं नव्हतं. लांबून गडी वाटावं म्हणून काजळानं मिशा काढायचो. लई हसायचो एकमेकाला."

मी तुमच्या लक्ष्मणकाकांचं विचारलं.

"त्याला वेशीवर गोळी लागली. घरी आणलं तर माय म्हणाली, हे माझं लेकरू नाय, माझ्या लेकराला मिशा नाहीत. मग तिनंच पदर ओला करून त्याचं तोंड पुसलं."

तात्या, बाबांनी जन्मभर मिशी ठेवली नाही.

दगडावर 'वीर' लिहा, माझी ना नाही. पण खाली वयही लिहा.

आई सांगत होती, आपला सोमनाथ बारावीचे तास बुडवून सैन्यभरतीसाठी पळायला जातो आणि तुम्ही 'लक्ष्मणकाकाचं रक्त' म्हणून त्याची पाठ थोपटता. व्हय का?

आईचा गुडघा कसा आहे? तिला तेल लावायला सांगा.

दिवाळीला आले तेव्हा सोमनाथचा ओठ कोरा होता. आता तरी फुटली का हो मिशी?

तुमची,
सोनिया