उजवा कौल

६ नोव्हेंबर, गुरुवार

आई नाही म्हणाली! महाडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद पुढे धरून नीट सांगितलं — गर्भपिशवीला गाठ आहे, रक्त फार जातंय, पिशवी काढावी लागेल, लांबवू नका. आई पदर सावरत उठली आणि म्हणाली, "भात झोडून होऊ दे, मंग बघू." अप्पांनी तो कागद घडी करून खिशात घातला. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, जसं काही मीच तिला पढवून आणलंय.

एसटीत आमच्या कापडे गावापर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ती मात्र खिडकीतून लोकांची शेतं बघण्यात दंग. कोणाचं कापून झालं, कोणाचं राहिलं!

७ नोव्हेंबर

कॉलेजात तासिकेवर शिकवून किती दिवस काढणार? सेट परीक्षेचा अभ्यास आज पुन्हा काढला. पहिल्या पेपराला तर्कदोष नावाचं प्रकरण आहे. माणसं वाद घालताना कुठे कुठे घसरतात, त्याची जंत्री. वाचता वाचता हसूच आलं — हे तर आमचं घर!

आईचं म्हणणं, "शेजारच्या प्रयागबाईनं पिशवी काढली आन् वरसात गेली." पुस्तकात हेच दिलंय. एकामागून दुसरं घडलं, म्हणून पहिल्यामुळेच दुसरं घडलं, असं धरून चालणं. आपल्याकडे याला कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणतात. पण प्रयागकाकू साप चावून गेल्या! आईला हे माहीत आहे. तिनंच ती रात्र त्यांच्या उशाशी बसून काढली होती. तसं म्हटलं, तर उत्तर तयार — "अंगात रगत असतं तर इख चढलं असतं काय?"

यावर पुस्तकात काही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

घरात सभा. अक्षयचा मुंबईहून फोन. "ताई, टेन्शन नको घेऊ, सिंपल हाय. ऑपरेशन, नायतर खल्लास. बीच में कुछ नहीं." मी म्हटलं, दोनच पर्याय मांडणं हा दोष आहे. तर चिडला. "अगं पण मी तुझ्याच बाजूनं बोलतोय ना!"

खरंच की. मी का अडवलं त्याला?

अप्पा म्हणाले, "सगली वाडी सांगते, आधी गावदेव भैरीला कौल लावा. पाचामुखी परमेश्वर." मी म्हटलं, पाचही तोंडं चुकू शकतात. तेव्हा दत्ताराम काका सुपारी कातरता कातरता बोलले, "हिचं सवताचं लगीन जमत नाय, आन् आमाला अक्कल शिकवते."

मुद्दा सोडून माणसावर घसरणे. लगेच ओळखला. ओळखला तरी लागला.

११ नोव्हेंबर

डोकं पार उठलंय. पुस्तक म्हणतं, एक-दोन उदाहरणांवरून सगळ्यांबद्दल बोलणं चूक. आई चुलीपाशी एक शीत दाबून बघते आणि आख्खं भांडं उतरवते. आजवर भात कच्चा निघालेला नाही! मग शितावरून भाताची परीक्षा हा दोष की शहाणपण? आणि शीत चालतं, तर प्रयागकाकू का चालत नाहीत?

भांड्यातलं पाणी एक, आच एक, तांदूळ एक, म्हणून चालतं. आणि बायका सगळ्या वेगळ्या. हे उत्तर बरोबर वाटलं म्हणून आईला सांगायला गेले. ती म्हणाली, "ताट घे गो, निवतंय."

१३ नोव्हेंबर

आज मीच बोलले. बोलले कसली, भांडले. डॉक्टर एवढे शिकलेले, ते काय उगीच सांगतात? उशीर केलास तर मरशील! मग रडायलाच लागले — तुला माझी दया येत नाही का, तुझ्यामागे मला कोण आहे? आई भाकरी थापायची थांबली. परातीतला हात तसाच. 

नंतर पुस्तक उघडलं. मोठ्या माणसाच्या नावावर खपवणे. भीती घालणे. दयेला हात घालणे. तिन्ही आहेत, ओळीनं! म्हणजे आई चुकीचं बोलून चूक, आणि मी चुकीचं बोलून बरोबर? प्रकरणाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की युक्तिवाद सदोष असला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. मग एवढी जंत्री दिलीत कशाला, मेल्यांनो!

१४ नोव्हेंबर

खळ्यात आईला चक्कर आली. ओठ पांढरे. अप्पांनी झोडणी थांबवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

शेवटी कौल लावलाच. देवळापर्यंत गेले, आत गेले नाही. बाहेर पायरीवर बसून राहिले, रागानं. आत फक्त आई आणि चंदू गुरव. त्याचं गाऱ्हाणं ऐकू येत होतं — ऑपरेशनला धाडायचं असंल तर उजवी दे, नायतर डावी दे, म्हाराजा. भैरीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. जी आधी पडेल तो देवाचा शब्द. फार वेळ लागला. मी वैतागून चपलेनं माती उकरत होते.

आई बाहेर आली. "उजवा," म्हणाली. "चल, डागदरला फोन लाव."

मी तिला मिठीच मारली! चंदूकाका मागे उभे राहून पंच्याला हात पुसत होते, किती वेळ पुसत होते. त्यांनाही हसून नमस्कार केला.

घरी आल्यावर लाज वाटली. माझ्या पुस्तकानं झालं नाही ते एका पाकळीनं केलं. चुकीच्या कारणानं बरोबर गोष्ट झाली, तर आनंद करावा की नाही? मी केला. डावा पडला असता तर काय केलं असतं, हा विचार येतो, आणि मी उठून काहीतरी कामाला लागते.

१८ नोव्हेंबर

आई दिवसभर सूचना देतेय. बियाण्याची कणगी कुठली, लोणच्याच्या बरणीत ओला हात घालू नको, अप्पांना रात्री वाल देऊ नको, बाधतात. नाकातली चमकी काढून माझ्या हातावर ठेवली. मी म्हटलं, "अगं, आठवड्यात परत येणार आहेस! काय हे?" ती हसली. मला तिचा रागच आला. देवानं उजवा दिलाय, आता तरी घाबरू नये माणसानं.

देवानं उजवा दिलाय — हे मी लिहिलं!

२० नोव्हेंबर, दवाखाना

आईला आत नेलं. अप्पांना चहा आणून दिला, घेईनात. मग भिंतीकडे बघत बोलले. कौल डावा पडला होता. चंदूनं काल सांगितलं, त्याला राहवेना. आई त्याला म्हणाली होती, "भायेर काय बोलू नको, मी उजवा सांगते." तो घाबरला — देवाच्या शब्दाभायेर जातेस, वयनी. तर म्हणाली, "भैरीला काय ठावं, चंदू? त्याला लेक कुठं हाय?"

म्हणजे ती मरायचं धरूनच आत गेली. मी रडले म्हणून.

ओली पाकळी. कुठलीही आधी पडते. कावळा आणि फांदी. मला सगळं माहीत आहे.

दार अजून बंद आहे. चमकी मुठीत आहे. मी कौल मानत नाही. मी कौल मानत नाही.