नूरभाईंच्या फोटोवरचा हार

आंजी,
२ मार्च २००३

योगेंद्रदादा,

तू सिंदीला मावशीकडे पळालास, म्हणून हे कागदावर लिहिते आहे.

गावातल्या सगळ्या जातीधर्मांची माणसं एका ओळीत दिसावीत, म्हणून आम्ही बाजाराच्या मैदानात चाळीस फोटो लावले होते. काल सकाळी त्यांतल्या एकाच फोटोला झेंडूचा हार होता. नूरभाई पिंजाऱ्यांच्या. जिवंत माणसाच्या फोटोला हार! त्यांची बायको तिथंच रडू लागली. नूरभाई मात्र हसले. "काऊन रडून राह्यली? मी मेलो असतो तं आधी तुले नसतं सांगितलं का?"

हार मी उतरवला. तो हिरव्या लुगड्याच्या चिंधीने बांधला होता. आपल्या मळ्यातल्या फुलांचे हार आई त्याच लुगड्याच्या चिंध्यांनी बांधते, दादा. लोक विचारत होते, "कोणं केलं हे?" मी म्हटलं, "मले नाई माहीत." घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आदल्या दिवशी सहिष्णुतेवर भाषण दिलं आणि तुझ्यासाठी खोटं बोलले. तू झोपतोस त्या गादीचा कापूस त्यांनीच पिंजलाय. तुझा हात कसा धजला?

नूरभाईंनी फुलं शेळीपुढे टाकली. चिंधी मात्र सोडवून माझ्या हातात दिली. "ठेव बेटा, तुह्या मायले लागंल."

त्यांना सगळं कळलं होतं.

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही. टाकलं तर तू एकटाच वाचशील आणि फाडशील. तू परत आलास की बाजारात, त्याच फोटोसमोर, सगळ्यांदेखत बोलेन.

अजूनही तुझीच बहीण,
हर्षा